सार्वजनिक लायब्ररीतलं पियानो रिसायटल: तुमच्या गावात होतं का, जाता का?

सई_इलिनॉय

गेल्या रविवारी आमच्या इथल्या (शिकागोच्या पश्चिमेकडचं उपनगर) पब्लिक लायब्ररीत पियानो रिसायटल (एकाच वादकाची मैफल) झालं. प्रवेश फुकट, तिकीट नाही, दुपारी दोन ते तीन. तळमजल्यावरची मोठी मीटिंग रूम, जिथे एरवी टॅक्सचे फॉर्म भरायला मदत करणारे स्वयंसेवक बसतात, तिथेच खुर्च्या मांडलेल्या आणि एका कोपऱ्यात कोणीतरी कधीकाळी देणगी दिलेला ग्रँड (म्हणजे मोठा, आडवा) पियानो. वाजवणारी मुलगी संगीतात मास्टर्स करतेय. बाखचं सी मेजरमधलं प्रेल्यूड (सुरुवातीचा तुकडा) आणि फ्यूग (एकच चाल अनेक आवाजांत फिरते ती रचना), मोझार्टचा ए मेजर सोनाटा (तीन-चार भागांची रचना; के. ३३१ हा तिचा यादीतला क्रमांक), शूबर्टचा ओपस ९० या संचातला तिसरा इम्प्रॉम्प्टू (छोटी मोकळी रचना) आणि शेवटी शोपँचं पहिलं बॅलड (गोष्ट सांगितल्यासारखी मोठी रचना).

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. आपली इतकी मराठी कुटुंबं दर शनिवारी त्याच लायब्ररीत पुस्तकं बदलायला येतात, निम्म्या घरांतली मुलं पियानोच्या क्लासला जातात, आणि या कार्यक्रमाला मात्र कोणी दिसत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आम्हाला त्यातलं काही कळत नाही गं." मला अगदी मनापासून वाटतं की ज्यांना कळत नाही त्यांनी मोठ्या हॉलच्या आधी लायब्ररीतच जावं. एक तर तासाभरात संपतं. दुसरं म्हणजे वाजवणारे प्रत्येक तुकड्याआधी दोन मिनिटं बोलतात, आता काय ऐकणार आहात, कशाकडे लक्ष द्या, हे मोठ्या हॉलमध्ये क्वचितच मिळतं. आणि तुम्ही इतक्या जवळ बसता की हातच नाही तर पायसुद्धा दिसतात, पेडल कधी दाबलं कधी सोडलं सगळं.

बाखचं ते प्रेल्यूड म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच पद्धतीने सुटे केलेले कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर), गुणगुणता येईल अशी चाल नाहीच त्यात, तरी पहिल्या मिनिटात खोली शांत झाली. मग फ्यूग सुरू झालं आणि तिने आधीच सांगून ठेवलं होतं की चार आवाज एकामागून एक तेच वाक्य घेऊन येतील, फक्त मोजत बसा. माझ्या शेजारचे आजोबा बोटांवर मोजत होते!

तुमच्याकडे असं काही होतं का? गेला असाल तर लिहा.

मिलिंद_न्यूजर्सी

छान धागा सई. न्यूयॉर्कला लिंकन सेंटरच्या आवारात पब्लिक लायब्ररीची एक शाखा खास संगीत-नाटक-नृत्यासाठी आहे, १९६५ पासून, तिथे ब्रूनो वॉल्टर ऑडिटोरियम नावाचं छोटं सभागृह आहे आणि तिथले कार्यक्रम फुकट असतात. त्याच इमारतीत वर नोटेशनची पुस्तकं मिळतात, मी आधी स्कोअर बघून मग खाली येऊन बसायचो. पूर्ण वाचता येत नाही मला, पण वर जाणारी ओळ खाली येणारी ओळ एवढं तर डोळ्याला दिसतंच.

वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस म्हणजे गावची लायब्ररी नव्हे, पण तिथलं कूलिज ऑडिटोरियम १९२५ चं आहे, एलिझाबेथ स्प्रेग कूलिज नावाच्या बाईंनी पैसे दिले, त्या स्वतः पियानो वाजवायच्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोक्यात आलं की लायब्ररीने नोटेशन नुसतं कपाटात ठेवू नये, ते वाजवून ऐकवावंही. तिथेही तिकिटाला पैसे नाहीत.

पेटीवाला

मी प्रामाणिक अडचण मांडतो. आयुष्यभर ख्याल ऐकलाय, पेटीवर साथ करतो. पियानो ऐकताना मला सूर तुटक वाटतात. एक पट्टी दाबली, सूर आला आणि विरायला लागला, झालं. मींड नाही, आस नाही, दोन सुरांच्या मधली जागा नाही. पेटीला तरी भाता आहे, सूर धरून ठेवता येतो. (आणि त्या पेटीलासुद्धा श्रुतींच्या कारणावरून आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं बाहेर ठेवलं होतं!) एक तास ऐकून माझ्या हाती काय लागतं? वाद घालायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

निनाद_कोथरूड

पेटीवाला, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, मलाही सुरुवातीला हेच वाटायचं. पियानोवर मींड शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने याल. तिथे एका वेळी अनेक सूर कसे चालतात ते ऐकायचं. आपण एकाच सुराच्या आत किती खोल जाता येतं ते बघतो, इथे तीन-चार ओळी एकमेकींच्या अंगावरून कशा जातात, कुठे टोचतात आणि कुठे सुटतात ते बघायचं.

तुम्हाला मोझार्टच्या त्या सोनाटापासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्याचा पहिला भाग म्हणजे एक साधी चाल आणि मग तिचीच सहा रूपं. तुम्ही बढत ऐकणारे आहात, तुम्हाला हे लगेच सापडेल. एका रूपात सूर बारीक होतात, एकात मेजरचं मायनर होतं, एकात एकदम संथ, शेवटच्या रूपात ठेकाच बदलतो. मूळ चाल डोक्यात धरून ठेवली की बाकी आपोआप.

आणि धाग्याच्या विषयाला धरून: या सोनाटाच्या मोझार्टच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली काही पानं २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली. तिथल्या संगीत विभागाच्या प्रमुखांना कागद चाळताना मिळाली. इतकी वर्षं जगभर वाजणारी रचना, आणि तिची मूळ पानं एका लायब्ररीच्या संग्रहात ओळख न पटता पडून होती.

सई_इलिनॉय

निनाद, ही बुडापेस्टची गोष्ट माहीत नव्हती, फार आवडली!!

पेटीवाला, शूबर्टचा तो इम्प्रॉम्प्टू तुम्ही ऐकाच. वरच्या ओळीत एक लांब लांब सुरांची चाल आहे, अगदी गळ्यातून आल्यासारखी, आणि तिच्या खाली उजव्या हाताचीच उरलेली बोटं एकसारखी झुळझुळ करत राहतात, त्याखाली डावा हात. म्हणजे एकाच हातातली करंगळी गातेय आणि बाकीची बोटं साथ करताहेत. सूर विरतो हे खरंय, पण वाजवणारा पुढचा सूर आधीच्या विरत चाललेल्या आवाजाच्या मापाने उचलतो, त्यामुळे कानाला ते सलग वाटतं. रविवारी ते मी डोळ्यांनी पाहिलं. रेकॉर्डिंगवर ही रचना कितीतरी वेळा ऐकली होती पण गाणारी करंगळी कधी दिसली नव्हती.

तुमच्यासाठी अजून एक: शूबर्टने हे १८२७ मध्ये लिहिलं जी फ्लॅटमध्ये, म्हणजे आपल्या हिशोबात काळी तीन. पुढच्या वर्षी ३१ व्या वर्षी तो गेला. हा तुकडा छापला गेला १८५७ मध्ये, तेव्हा प्रकाशकाने पट्टीच बदलून पांढरी पाच केली, कारण सहा फ्लॅट्स म्हटल्यावर घरी वाजवणारे लोक घाबरतील. एका पट्टीने चढवल्यावर त्याचा रंग किती बदलत असेल हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं सांगाल.

पेटीवाला

काळी तीनची पांढरी पाच!! अहो बदलणारच. आता ऐकतो दोन्ही पट्ट्यांत, घरी पेटीवर चाल काढूनही बघतो. आभार सई, निनाद.

रेवती_डॅलस

वाचतेय. एक प्रॅक्टिकल प्रश्न. माझी मुलगी सहा वर्षांची. आमच्या लायब्ररीत गेलो होतो तेव्हा ती मधेच मोठ्याने बोलली आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून अशा नजरेने पाहिलं की आम्ही उठून बाहेरच आलो. पुन्हा जायची इच्छा झाली नाही. आणि टाळ्या कधी वाजवायच्या तेही कळत नाही, आम्ही वाजवल्या तर आम्ही एकटेच.

सई_इलिनॉय

रेवती, तू परत जा गं, प्लीज जा. लायब्ररी मुलांचीच जागा आहे. मागच्या दाराजवळची कडेची खुर्ची धर, एक-दोन तुकडे ऐकून बाहेर पडलात तरी कोणी काही म्हणत नाही, फक्त उठायचं ते दोन तुकड्यांच्या मधे. आणि शक्य असेल तर डाव्या बाजूला बस. वाजवणारा डावीकडे बसतो आणि त्याची उजवी बाजू आपल्याकडे असते, त्यामुळे डावीकडून पट्ट्या आणि हात दिसतात. मुलांना हात दिसले की ती गप्प बसतात, हे मी पाहिलंय.

निनाद_कोथरूड

टाळ्यांबद्दल लिहितो कारण या एका गोष्टीने माणसं फार बिचकतात. सोनाटाचे तीन-चार भाग असतात आणि आता रिवाज असा की सगळे भाग संपल्यावरच टाळ्या. पण हा रिवाज तसा अलीकडचा. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय, त्याच्या सिंफनीत एक जागा होती जी लोकांना आवडणार हे त्याला माहीत होतं, ती आली आणि लोकांनी वाजवणं चालू असतानाच टाळ्या वाजवल्या, आणि तो त्यावर खूष आहे! म्हणजे आपल्या बैठकीत समेवर "वा" निघतो तसंच. शांत बसून ऐकायची शिस्त एकोणिसाव्या शतकात हळूहळू आली आणि विसाव्यात पक्की झाली.

तेव्हा रेवती, मधेच टाळी पडली तर ती दाद आहे, गुन्हा नाही. नक्की करायचं असेल तर वाजवणाऱ्याचे हात बघायचे. भाग संपला तरी हात पट्ट्यांच्या जवळ असतील तर अजून बाकी आहे, मांडीवर आले आणि तो उठायला लागला की वाजवा मनसोक्त.

अनघा_बॉस्टन

मी मात्र थोडं उलट म्हणेन. लायब्ररीत मुलं हवीत हे मान्य, पण एका कार्यक्रमात पूर्ण वेळ मागे चिप्सचं पाकीट वाजत होतं आणि आईवडील फोनवर. वाजवणारा बिचारा अगदी हळू आवाजातला भाग वाजवत होता. पियानोचा सगळ्यात हळू आवाज ऐकू येणं हाच तर माइक नसलेल्या खोलीचा फायदा. मुलाला आणा पण आधी घरी पाच मिनिटं तोच तुकडा ऐकवून आणा, आणि खाऊ बाहेर.

रेवती_डॅलस

हे पटलं अनघा. घरी आधी ऐकवायची कल्पना मस्त आहे, आमच्या मनातच आलं नव्हतं.

पूर्वा_लंडन

सई, शेवटी एन्कोर (टाळ्यांनंतरचा जादा तुकडा) काही वाजवलं का तिने?

सई_इलिनॉय

हो! बाखच्या कॅंटाटामधलं (चर्चसाठीच्या गायन-वाद्य रचनेतलं) ते प्रसिद्ध कोरस, 'जेसू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग', माइरा हेस यांनी पियानोसाठी केलेलं. शोपँच्या बॅलडचा शेवट इतका वादळी आहे की सगळे उठून टाळ्या वाजवत होते, ती परत येऊन बसली आणि हे वाजवलं. तीनेक मिनिटांचं असेल.

पूर्वा_लंडन

वाटलंच मला! मग माइरा हेसबद्दल लिहायलाच हवं, कारण फुकट किंवा जवळजवळ फुकट, दुपारच्या वेळी, सार्वजनिक इमारतीत पियानो ऐकायची जी पद्धत तुम्ही सगळे सांगताय तिचा एक मोठा धागा या बाईंपर्यंत जातो.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि लंडनमधले थिएटर, सिनेमा, कॉन्सर्ट हॉल बंद केले गेले. ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बहल्ल्याच्या भीतीने आधीच बाहेर हलवली होती, पुढे ती वेल्समधल्या दगडाच्या खाणीत ठेवली. म्हणजे रिकाम्या भिंतींची एवढी मोठी इमारत. हेस तेव्हा ४९ वर्षांच्या, नावाजलेल्या पियानिस्ट. त्यांनी गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना विचारलं, इथे दुपारी संगीत करू का? ते म्हणाले एखाददुसरं कशाला, रोज करा. पहिला कार्यक्रम १० ऑक्टोबर १९३९ ला, हेस स्वतः वाजवायला बसल्या. थोडेफार लोक येतील असं वाटत होतं आणि बाहेर रांग लागली. तिकीट एक शिलिंग, कोणालाही परवडेल असं. ऑफिसात काम करणारे, गणवेशातले सैनिक, नर्सेस, जेवणाच्या सुट्टीत येऊन ऐकायचे, सँडविचही तिथेच मिळायचं. सोमवार ते शुक्रवार. बॉम्ब पडायला लागले तेव्हा कार्यक्रम तळघरात नेले पण थांबवले नाहीत. १० एप्रिल १९४६ पर्यंत एकूण १६९८ कार्यक्रम झाले.

मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते असं की जर्मनीशी युद्ध चालू असताना तिथे बाख, बीथोवन, शूबर्ट, ब्राम्स वाजत होते. आणि हेसनी केलेलं ते बाखचं रूपांतर, जे १९२६ मध्ये छापलं होतं, लोक त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा मागायचे. सई, तुझ्या लायब्ररीतल्या मुलीने शेवटी तेच निवडलं, मला फार बरं वाटलं वाचून.

शिकागोकर

पूर्वा, मग पुढचा भाग मी सांगतो, कारण तो आमच्या गावातला आहे. शिकागोत १९७७ पासून हेस यांच्या नावाने दर बुधवारी दुपारी सव्वाबाराला फुकट मैफल सुरू झाली, आणि ती कुठे तर मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या जुन्या सेंट्रल लायब्ररीच्या इमारतीत! १८९७ ची इमारत, आता तिला शिकागो कल्चरल सेंटर म्हणतात. ज्या हॉलमध्ये पियानो ठेवायचे तो प्रेस्टन ब्रॅडली हॉल म्हणजे पूर्वी पुस्तकं देण्याघेण्याची जागा. वर टिफनीचा काचेचा घुमट, ३८ फूट व्यासाचा, सुमारे ३०,००० काचेचे तुकडे. भिंतींवर संगमरवर आणि मोझेइक. २००८ मध्ये दुरुस्ती करून घुमटाच्या वरचं जुनं काँक्रीटचं आवरण काढलं आणि पुन्हा खरा सूर्यप्रकाश आत यायला लागला. संगमरवरामुळे आवाज जरा घुमतो, जलद सूर एकमेकांत मिसळतात, पण संथ रचना तिथे ऐकाव्यात. डब्ल्यूएफएमटी रेडिओवरून थेट प्रक्षेपणही होतं, ते घरबसल्या ऐकता येतं. जाणार असाल तर त्या वेळचा हॉल वेबसाइटवर बघून मगच निघा.

तिथून चालत थोडं पुढे गेलं की आर्ट इन्स्टिट्यूट, जिथे १८९३ मध्ये विवेकानंद बोलले. पाहुणे भारतातून आले की लोक तिथे आवर्जून नेतात, तर बुधवार निवडा आणि दोन्ही करा. पुस्तकांची मुख्य लायब्ररी १९९१ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन सेंटरला गेली. तिथे आठव्या मजल्यावर पियानो असलेल्या सरावाच्या खोल्या आहेत. घरी पियानो नाही म्हणून मुलांना शिकवत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मडगांवकार

गोंयांतल्यान नमस्कार :) आमच्याकडे पियानो म्हणजे परका नव्हे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज (सुरांची नावं घेत नोटेशन वाचून गाणं) शिकवायचे, त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात इतके गोंयकार वादक गेले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा केला, रागांवर रचना केल्या, लताबाई आणि मन्ना डे गायले त्यात. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. पण सार्वजनिक वाचनालयात पियानो? तो हवा. पुस्तक वाचायला येणारा माणूस आणि मैफलीला येणारा माणूस यांची आमच्याकडे गाठच पडत नाही.

कुमुद_नाशिक

सगळं वाचून काढलं. मी निवृत्त शिक्षिका, पियानोतलं काही येत नाही. पण लायब्ररीने कार्यक्रम करायचे ही गोष्ट तुम्ही तिकडची म्हणून सांगताय ती आपल्याला नवी नाही रे बाळांनो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, आणि त्याच्या आवारात स्वतःचं नाट्यगृह आहे, साईखेडकर नाट्यगृह. वाचनालयांच्या व्याख्यानमाला, गाण्याच्या बैठका, नाट्यवाचन हे आपण लहानपणापासून बघतोय. म्हणजे खुर्च्या आहेत, श्रोते आहेत, वक्तशीरपणे येऊन पहिल्या रांगेत बसणारे आमच्यासारखे लोकही आहेत. मग पियानो का नको? माझ्या ओळखीचे एक जण जवळच्या एका छोट्या वाचनालयाच्या समितीवर आहेत, त्यांच्या कानावर घालू का? खर्च किती येतो, वाद्य कुठून आणायचं, कोणी सांगेल का?

ट्यूनर_अंधेरी

कुमुदताई, नमस्कार. मी मुंबईत पियानो दुरुस्ती आणि ट्यूनिंग करतो म्हणून सविस्तर लिहितो. उत्साहाने वाद्य आणतात आणि दोन पावसाळ्यांत त्याची वाट लागते हे नेहमी बघतो, आणि जीव तुटतो.

पियानोला ८८ पट्ट्या आणि २३० च्या आसपास तारा. सगळ्या तारांचा मिळून ताण १८ ते २० टन. तो ताण ओतीव लोखंडाची फ्रेम पेलते, पण आवाज येतो तो खालच्या पातळ लाकडी साउंडबोर्डमधून, आणि लाकूड म्हटलं की हवा आली. त्याला आर्द्रता हवी ४० ते ५० टक्के. आपल्याकडे पावसाळ्यात ८० च्या वर. लाकूड फुगतं, सूर चढतात, पट्ट्या अडकतात, तारांना गंज, हातोड्यांच्या फेल्टला कसर. सईताईंच्या शिकागोत हिवाळ्यात उलट, हीटरने हवा कोरडी होते आणि सूर उतरतात. मी एका हॉलमध्ये पाहिलंय, महागडा ग्रँड थेट एसीच्या झोताखाली ठेवलेला, दिवसभर एसी बंद आणि कार्यक्रमाच्या दोन तास जोरात. ट्यूनिंग टिकणार कसं?

तेव्हा वाचनालयाने लगेच विकत घेऊ नये. एका मैफलीपुरता भाड्याने आणा. चांगला अपराइट (उभा पियानो) सुद्धा छोट्या हॉलला पुरतो, ग्रँडचा हट्ट नको. मोठा कॉन्सर्ट ग्रँड पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या जवळ असतो, जुन्या वाचनालयाच्या जिन्यावरून तो चढणारच नाही. अपराइट आदल्या दिवशी आणून ठेवा, ज्या खोलीत वाजणार तिथेच, पंखे-खिडक्या मैफलीच्या वेळी असतील तशाच ठेवा, आणि ट्यूनिंग कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. ट्यूनरला दोन तास पूर्ण शांतता द्या, त्याच वेळी माइक टेस्टिंग आणि खुर्च्या ओढणं नको.

कुमुद_नाशिक

फार उपयोगी लिहिलंत हो. डिजिटल पियानो चालतो का? तो एका मुलाकडे आहे.

ट्यूनर_अंधेरी

सुरुवातीला चालेल ताई, ८८ वजनदार पट्ट्यांचा आणि खरं पेडल जोडलेला असेल तर. बाख, मोझार्टचे छोटे तुकडे बरे वाजतात. शोपँचं बॅलड मात्र त्यावर ठेवू नका, तिथे सगळ्या तारा एकमेकींच्या सुराने हलतात, त्या आवाजाची मजा स्पीकरमधून येत नाही.

निनाद_कोथरूड

कुमुदताई, कार्यक्रम तासाभराचाच ठेवा. पुण्या-मुंबईत पियानो शिकणारी, शिकवणारी चांगली तरुण मंडळी आहेत, त्यांना वाजवायला जागा हवी असते. अट एकच घाला, प्रत्येक तुकड्याआधी मराठीत बोलायचं. मेजर स्केल म्हणजे साधारण आपला बिलावल, हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणीचे सूर, एवढं सांगितलं तरी तुमचे नेहमीचे श्रोते टेकून बसतील.

पेटीवाला

मी येतो नाशिकला. आणि समितीने परवानगी दिली तर पियानोआधी दहा मिनिटं पेटीवर तीच चाल वाजवून दाखवेन, म्हणजे लोकांना ओळख पटेल. शूबर्टची चाल निघाली बरं का, काळी तीनमध्येच.

सई_इलिनॉय

हे करा, नक्की करा! कुमुदताई, मला मेसेज करा, आमच्या लायब्ररीत एक पानी माहितीपत्रक देतात, रचनेचं नाव, साल, किती मिनिटं, कशाकडे लक्ष द्यायचं, त्याचा नमुना मराठीत करून पाठवते. इथे या कार्यक्रमांचा खर्च बराचसा लायब्ररीच्या मित्रमंडळातून निघतो, लोक जुनी पुस्तकं आणून देतात, ती एक-दोन डॉलरला विकतात आणि त्या पैशातून कलाकाराचं मानधन. तुमच्या वाचनालयात रद्दीला जाणारी पुस्तकं असतील तर तसाच स्टॉल मैफलीच्या दिवशी दाराशी लावता येईल.

कुमुद_नाशिक

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, विषय पत्रिकेत घालायला सांगते. ट्यूनरसाहेब, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत नाशिकची हवा कोरडी आणि थंड असते, त्यातला कुठला महिना धरू?

ट्यूनर_अंधेरी

डिसेंबर धरा ताई. दुपारी चारला ठेवा, संध्याकाळी एकदम गार पडतं आणि सूर हलतात. वाद्य मुंबईहून आणायचं असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बुक करा, पुढे लग्नाच्या पार्ट्यांत सगळे भाड्याने जातात.